बरंमग सरांची मदत

नाही, म्हणजे तुम्हीच सांगा, नव्या प्राध्यापकांना संशोधनाचा निधी मिळावा म्हणून विद्यापीठाने मदतकक्ष काढला, आणि त्यात माझ्या वाट्याला कोण यावं? बरंमग सर! निवृत्त झालेत, पण घरी जायचं नाव नाही. खरं नाव वेगळं आहे हो, पण तुम्ही काहीही सांगा, समोरून येणार, "बरं, मग?" म्हणून आम्हीच हे बारसं केलंय.

तुम्हाला सांगते, माझं काम शेवाळावर. शेवाळाने सांडपाणी साफ करायचं. एक अख्खी खोली शेवाळाच्या बाटल्यांनी भरलीये, आणि निधी मिळवायची ही माझी शेवटची संधी, कारण पुढच्या वर्षी मी "नवी" राहत नाही. नाही मिळाला तर खोली जाणार झेरॉक्सच्या मशीनला आणि शेवाळ मोरीत. इतकं गळ्याशी आलंय, आणि सर काय करतात? मुलाखतीची तालीम घेतात. मी म्हणायचं, "शेवाळ पाण्यातलं शिसं शोषून घेतं."

"बरं, मग?"

"मग पाणी स्वच्छ होतं."

"आणि ते शिसं प्यायलेलं शेवाळ कुठे ओतणार? माझ्या डोक्यावर?"

सलग तीन वाक्यं बोलू देतील तर शपथ. डोळे मिटून बसतात, आपल्याला वाटतं लागली डुलकी, हळूच पुढचं वाक्य दामटावं तर... "बरं, मग?" मदत म्हणतात हो याला!

घरी आई विचारायला लागली, अगं, दोन वाक्यं बोलून गप्प का होतेस, दुखतंय का कुठे? काय सांगू तिला? मदत म्हणतात हो याला!

मग आली खरी मुलाखत. समोर तज्ज्ञांची रांग, सगळी सभ्य, हसरी, माना डोलावणारी माणसं. मी दोन वाक्यं बोलले आणि थांबले. कोणी टोकेचना! मी वाट बघतेय, ते वाट बघतायत... अध्यक्षबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. टोकल्याशिवाय आता माझी गाडीच सुटत नाही ना! शेवटी मीच मान तिरकी केली, डोळे मिटले आणि सरांच्या घोगऱ्या आवाजात म्हटलं, "बरं, मग?" आणि जी सुटले... मीच विचारतेय, मीच उत्तर देतेय, मीच स्वतःला झापतेय. सगळं झाल्यावर बाईंनी विचारलं, हे मधेमधे बोलत होते ते कोण? म्हटलं, आमचे सर. बाहेर आले ती मनात शेवाळ मोरीत ओतूनच.

आणि निधी मिळाला. खरंच मिळाला! फक्त खाली एक अट, की उमेदवाराच्या सरांच्या शंका फार मार्मिक असल्याने प्रकल्प संपेपर्यंत, म्हणजे तीन वर्षं, त्यांना सल्लागार म्हणून सोबत घ्यावे.

तशीच सरांकडे गेले. म्हटलं, "सर, आता सुटका नाही."

सर चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "माझी की तुझी?"

आता बाटल्यांशेजारी त्यांची खुर्ची आलीये. ती फार टोचते अशी दिवसभर कुरकुर चालली होती... काय करणार, उशी मीच घेऊन आले.