मध्यंतराची पहिली चार मिनिटं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या क्लबचेही अध्यक्ष, या दोन्ही खुर्च्या एकाच माणसाकडे असल्यामुळे त्यांना एकच पण वाकून नमस्कार. नव्या क्लबहून आमच्या माणसांना न्यायला आलेले पाहुणे अध्यक्ष. ज्यांना आज निरोप देतोय ते आपले मुख्य प्रशिक्षक, म्हणजे सगळ्यांचे मोठे सर. त्यांच्या शेजारी, गेली अकरा वर्षं असतात तसेच आजही अर्धी वीत मागे खुर्ची ओढून बसलेले सहायक प्रशिक्षक, छोटे सर. आणि रविवारची सकाळ मोडून आलेले खेळाडू, त्यांचे आईवडील आणि मित्रहो.

मी संघाची फिजिओ. माझं काम गुडघ्यांशी आणि घोट्यांशी. ते सहसा माझं ऐकतात आणि मध्ये बोलत नाहीत, त्यामुळे भाषणाची मला सवय नाही. पण मघाशी पाहुण्यांनी फार सुंदर वाक्य वापरलं. म्हणाले, "संच फोडायचा नसतो. म्हणून आम्ही तिघांना एकाच पत्रानं बोलावलं." टाळ्याही झाल्या. या भाषणानंतर त्या टेबलावर मोठे सर, छोटे सर आणि मी, आम्हा तिघांना सह्या करायच्या आहेत. तीन पेनं मांडलेली मला इथून दिसताहेत. तेव्हा सह्या होण्याआधी हा संच चालतो कसा, ते पाहुण्यांना सांगायला हवं. नाही का?

पहिल्या क्लबपासून सांगते. अकरा वर्षांपूर्वी एका सामन्यात मध्यंतराला आम्ही दोन गोलांनी मागे होतो. ड्रेसिंग रूममध्ये कुणी मान वर करत नव्हतं. मोठे सर दारातून आत आले, आणि त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. तेवढ्यात छोट्या सरांनी विचारलं, "सर, त्यांचा तो दहा नंबर डावखुरा आहे का हो?"

पंचेचाळीस मिनिटं तो दहा नंबर डाव्या पायानं आम्हाला नाचवत होता! पोरं खुदकन हसली. पुढच्या क्षणी डावपेचांचा फळा भिंतीवरून निघाला आणि त्याचा कोपरा छोट्या सरांच्या भुवईत बसला. रक्त फळ्यावर, बाणांच्या खुणांवर ओघळलं. मी चार टाके घातले. मोठ्या सरांनी तोच फळा पुसून परत टांगला आणि शांतपणे उत्तरार्धाचे डावपेच सांगितले. आम्ही तीन-दोन जिंकलो.

हरलो असतो तर बरं झालं असतं, असं मला आता वाटतं.

कारण त्यानंतर ती पद्धतच झाली. संघ मागे पडला की मध्यंतराची पहिली चार मिनिटं छोट्या सरांची. काहीतरी बावळट बोलायचं आणि सगळा राग अंगावर ओढून घ्यायचा. कधी खिळ्यांच्या बुटाची लाथ नडगीवर, कधी बाटली तोंडावर. एकदा लॉकरचं दार बोटांवर आपटलं, दोन बोटं मोडली. एकदा बरगडी. पाचव्या मिनिटाला मोठे सर निवळायचे आणि उरलेल्या वेळात जे शिकवायचे ते, खोटं कशाला बोलू, कुठल्याही पुस्तकात नाही. बसमध्ये झोपलेल्या खेळाडूच्या अंगावर पांघरूण घालणारेही तेच. माझे वडील गेले तेव्हा तीन दिवस आमच्या अंगणात बसून होते, तेही मोठे सरच. हे मी विसरलेले नाही. म्हणून तर हे सांगायला मला इतकी वर्षं लागली.

मी एकदा छोट्या सरांना विचारलं, "अहो, तुम्हाला लागत नाही का?"

"न लागायला मी काय दगड आहे? पण पोरांना अजून पंचेचाळीस मिनिटं पळायचंय, ताई. मला नुसतं बाकावर बसायचंय."

"आणि घरी काय सांगता?"

"बायकोला वाटतं मी अजून खेळतो. खूश आहे ती."

आम्ही दोघं हसलो. अशा गोष्टींवर आम्ही पुष्कळ हसलो आहोत. तीन क्लब बदलले. प्रत्येक क्लबनं म्हटलं, यांचं एकमेकांशी चांगलं जमतं, एकत्रच घ्या. जमत होतंच. कोण कधी मारणार, कुणी कधी पुढे व्हायचं आणि कुणी कधी टाके घालायचे, हे न बोलता कळत होतं.

मागच्या मोसमातल्या उपांत्य सामन्याच्या दिवशी छोटे सर आले नव्हते. त्यांच्या आई दवाखान्यात होत्या. मध्यंतराला आम्ही एका गोलानं मागे. आपला गोलकीपर, ज्याला सगळे कुलूप म्हणतात, बाकावर खाली मान घालून पाणी पीत होता. बावळट प्रश्न विचारायला कुणी नव्हतं. मोठ्या सरांचा पंजा त्याच्या डाव्या कानावर बसला. मग दुसरा, त्याच जागी. तिसऱ्याला त्याचं डोकं लॉकरवर आदळलं आणि तो आवाज ऐकून समोरचा डिफेंडर ओकला. पाण्याची बाटली घरंगळत माझ्या पायाशी आली. कुलूपच्या कानातून रक्ताची बारीक धार मानेवर उतरत होती. वीस माणसं त्या खोलीत होती. एकानंही पाऊल पुढे टाकलं नाही.

माझ्या हातात बर्फाची पिशवी होती. ती मी मार पडल्यावर काढली नव्हती, मंडळी. मोठे सर दारातून आत येताना त्यांचा चेहरा पाहूनच काढली होती. मारायचं की नाही हे त्यांचं ठरायच्या आधी माझी तयारी झाली होती. आणि हिला मी इतकी वर्षं कामातली तत्परता समजत होते.

कानाचा पडदा फाटला. अहवालात मी लिहिलं, "चेंडू लागून." मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. सांगावं लागलंच नाही.

आता विचार करा, ज्याला समोरून येणारा चेंडू दिसला नाही असा गोलकीपर कोण ठेवून घेईल? आपण त्याला मोकळं केलं. दोन क्लबांनी माझा अहवाल वाचून त्याला परत पाठवलं. तीन आठवड्यांपूर्वी तो माझ्या खोलीत आला. उजवा कान माझ्याकडे करून बसला.

"ताई, चेंडू का लिहिलंत?"

मी त्याची फाईल उघडली आणि तशीच मिटली.

"मारलं त्याचं एवढं नाही हो. पण मला वाटलं होतं, निदान तुम्ही तरी बघितलंत."

तो आज आला आहे. तिथे, खांबाजवळ उभा आहे.

काय म्हणालात, छोटे सर? पंखा? पंख्याचा आवाज फार होतोय, बंद करू का?

हसू नका, मंडळी. मोठे सर खुर्चीतून उठले आहेत हे तुम्हाला दिसतंय ना? ते उठले म्हणून छोट्या सरांना पंखा आठवला. मी आत्तापर्यंत जे सांगत होते ते हेच. छोटे सर, बाजूला व्हा. खरंच बाजूला व्हा. आज माझ्या आणि त्यांच्या मध्ये तुम्ही उभं राहायचं नाही. मोठे सर, यायचं असेल तर या. इथे तीनशे माणसं बघताहेत, आणि मी ऐनवेळी नजर खाली वळवणार नाही.

बसलात. आभारी आहे.

पाहुणे अध्यक्ष, तुमच्यापुढच्या फायलीत अभिनंदनपत्राच्या खाली दोन कागद आहेत. एक माझा जुना अहवाल, दुसरा काल लिहिलेला खरा. आपल्या अध्यक्षांच्या फायलीतही तेच आहेत, आणि एक प्रत कुलूपच्या खिशात आहे. कुठल्याही क्लबला ती दाखवायला तो मोकळा आहे. खोटा अहवाल लिहिल्याबद्दल माझ्यावर जी कारवाई व्हायची ती होऊ द्या. तुमच्याकडे बावीस खेळाडू आहेत, कागद वाचल्याशिवाय कुणाचीही सही घेऊ नका. माझी तर घेऊच नका, मी येणार नाही. छोटे सर, तुमचं तुम्ही ठरवा. तुमच्या वतीनं मी बोलले तर तेही एक प्रकारचं ढकलणंच होईल. फक्त एवढं लक्षात ठेवा, तिथे तुमची भुवई शिवायला मी नसेन.

ज्यांनी मला बोलायला बोलावलं त्या समितीचे आभार. बिचाऱ्यांना चार कौतुकाचे शब्द ऐकायचे होते. मैदानाची राखण करणाऱ्या मामांचे, कपडे धुणाऱ्या मावशींचे आभार. वेळ जास्त घेतला, सूत्रसंचालकांच्या तीन चिठ्ठ्या न वाचता बाजूला ठेवल्या, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, या सगळ्या चुका मोठ्या मनानं पोटात घाला.

कानाची ती एक चूक मात्र पोटात घालू नका. कुलूप, तूही घालू नकोस. मी खाली येते आहे. तुझ्या उजव्या बाजूला उभी राहीन. जे बोलायचं असेल ते मोठ्यानं बोल, सगळ्यांना ऐकू जाऊ दे.