भरती-ओहोटीचा तास

इथं, समुद्रापासून इतक्या लांब, पोरांना समुद्र शिकवून काय उपयोग, असं तुम्हीच नाही, आमचे मुख्याध्यापकही विचारायचे. एकदा म्हणाले, "आज तुमचा तास बघतो. पटला नाय, तर उद्यापासून समुद्र बंद, गणित सुरू." आणि मागच्या बाकावर जाऊन बसले.

मी थेट भरतीलाच हात घातला. "समुद्राला दिवसातून दोनदा पाणी चढतं."

उस्मानपुऱ्याची सानिया ताडकन उठली. "दोनदा? आमच्या नळाला आठ दिवसांनी येतं, सर! तिथं पाणी सोडणारा लाइनमन कोणंय?"

"चंद्र," मी म्हणालो. "त्याच्या ओढीनं पाणी चढतं. एक दिवस खाडा नाही."

मागून मुख्याध्यापकांचा आवाज आला, "सर, त्याची बदली इकडं होती का, तेवढं उद्याच्या तासाला घ्या."