बोर्ड कुठाय?

माझ्या तोंडी परीक्षेला काय झालं ते ऐका. नांदेडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. गावाचं नाव टाकलं की एसटीची वेळ सांगायची, असा प्रोजेक्ट होता. त्याचा बोर्ड, म्हणजे तळहाताएवढा कॉम्प्युटर, ऐन आदल्या दिवशी जळाला. नवा मिळेना. मग लॅपटॉपमधेच सॉफ्टवेअरनं तसाच बोर्ड उभा केला आणि प्रोजेक्ट त्याच्यावर चालवला.

लातूरचे परीक्षक टेबलाखाली वाकून बघायला लागले. "बोर्ड कुठाय?"

"सर, लॅपटॉपमधेच चालू हाय."

"व्हिडिओ लावून फसवायलात का मला?"

नापास झाले तर वर्ष जाणार होतं.

"तुम्हीच टाइप करून बघा, सर."

त्यांनी 'कंधार' टाकलं, वेळ आली. मग मुद्दाम नसलेलं गाव टाकलं, तर 'असं गाव नाही' आलं. इंटरनेट बंद करायला लावलं, तरी चालूच. शेवटी "ठीक हाय" म्हणून त्यांनी मार्क टाकले. मला वाटलं, सुटले एकदाची.

शेजारच्या टेबलावर माझी मैत्रीण सविता खराखुरा बोर्ड घेऊन बसली होती. सरांनी तो उचलला, उलटा केला, कानाशी हलवून बघितला आणि तिला विचारलं, "आन् हा खरा कशावरून?"