सावंतने गोल अडवले तेव्हा

तुम्हाला खोटं वाटेल, पण बिबवेवाडीतल्या आमच्या फुटबॉल क्लबचा घानाचा गोलकीपर जोसेफ केवळ सावंतमुळे मायदेशी गेला. त्याचा व्हिसा वाढवायचा, तर हे काम इथल्या माणसाला जमत नाही, असं व्हिसा ऑफिसला पटवायचं होतं. मी राखीव गोलकीपर सावंतकडूनच तसं लिहून घेतलं. बिचाऱ्याने मुकाट सही केली.

व्हिसा ऑफिसातल्या साहेबांनी पत्र वाचून सकाळचा पेपर पुढे सरकवला. त्यात आमच्या सामन्याची बातमी होती. आदल्या दिवशी जोसेफ त्यांच्याच रांगेत उभा असताना सावंतने एकही गोल होऊ दिला नव्हता.

"जमतंय की यांना."

"अहो, आयुष्यात पहिल्यांदा जमलंय."

"मग आता सवय होऊ द्या."

शनिवारी जोसेफला विमानात बसवलं. रविवारी आम्ही सात गोल खाल्ले. संध्याकाळी त्याचा फोन आला, "किती झाले?"

मी म्हटलं, "आवाज येत नाहीये," आणि फोन ठेवला.