अण्णांची खुर्ची

आमच्या ह्यांचं काय सांगू बाई! सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, आमचा ट्रॅक्टर कुणालाबी वापरायला देऊन टाकायचा आणि ह्यांनी नुसतं "व्हय अण्णा" म्हणायचं. ऐन हंगामात आमचाच ऊस फडात वाळतोय! शेवटी ह्यांना धाराशिवला एका समुपदेशक मॅडमकडं नेलं. त्यांची ती स्कीमा थेरपी. लहानपणापासून मनात घट्ट बसलेलं वळण मोडायचं म्हणं.

मॅडमनी मला उठवलं आणि माझीच खुर्ची ह्यांच्यासमोर ठेवली. "समजा, इथं अण्णा बसलेत. त्यांना सांगा, ट्रॅक्टर देणार नाही."

तर हे ताडकन उठून उभे!

"अहो, बसून बोला," मॅडम म्हणाल्या.

"अण्णांसमोर कसं बसू?"

लई समजावलं, पण हे आपले खुर्चीपुढं हात जोडून उभेच. माझे मात्र उभं राहून पाय दुखायला लागले. वैतागून मी त्या रिकाम्या खुर्चीत बसले.

तसे हे जन्मात पहिल्यांदा ओरडले, "ऊठ आधी! अण्णा बसलेत न्हाय का तिथं!"

मॅडम खूश. "बघा, चढला की नाही आवाज!"

म्हटलं, "चढला की मॅडम. पण कुणावर?"