चिवड्यासाठी गवत

...अन् वरून मले म्हणते का, "काका, तणस न्या ना, ट्रॉलीभर देतो!" अरे बाबा, तणसच न्याचं असतं तं मी कायले तुह्या दुकानात आलतो? धानाचा जिल्हा आपला! जिकडं पाहा तिकडं तणसाचे, धानाच्या वाळल्या काडाचे ढीग. बालाघाटात माणसाले तणस शोधा लागत नाही, तणसच माणसाले शोधत येते! मले गवत पाहिजे होतं हो, गवत! सुकं, पण हिरवट, नाकाशी धरलं तं बरं वाटन असं! तं तो दुकानदार माह्या तोंडाकडं पाहे अन् विचारे, "कितनी भैंस है?" म्हटलं, भैंस नाही, ससे हाये. दोन. तं तो असा हासला, असा हासला... गल्ल्यावरची अगरबत्ती विझली!

तुमाले वाटन, या बुढ्ढ्याले कायले पाहिजे ससे? मलेबी तेच वाटते ना! मी महागू मेश्राम. वीज खात्यात लाईनमन होतो. अर्धी जिंदगी खांबावर गेली. तवा लाईट गेली का पूरा मोहल्ला माहं नाव घे. शिव्या देऊन का होईना, पण घे! आता लाईट गेली तं लोक मोबाईलवर तक्रार करते. माहं नाव कोण घेईन?

तं ससे माह्या पोरीचे, संघमित्राचे. लग्न झालं, ती पुण्याले गेली, ससे इथंच राह्यले. मंग तिले बाळ झालं, तं माही बायको लीलाबाई गेली. म्हणे, "जरासं बाळ पाहून येतो." बाळ आता घरभर धावून राह्यलं, अन् लीलाबाईचं जरासं काही सरून नाही राह्यलं! इथं उरलो मी, कापूस अन् चिवडा. कापूस पांढरी, चिवडा कबरा. शेजारच्या गोदाबाईले वाटते मी नाश्त्याचं बोलून राह्यलो!

रोज संध्याकाळी पुण्याहून फोन येते. व्हिडिओवाला. मी केस विंचरून, शर्टाची वरची गुंडी लावून बसतो. अन् पोरगी म्हणते, "हॅलो पप्पा, कॅमेरा खाली करा ना, चिवडा दिसून नाही राह्यला." मंग लीलाबाई मधात डोकं घालते, "अवो, कापूस बारीक झाली का हो?" अवो, मी बारीक झालो! पण मी दिसाले तं पाहिजे! माहे नुसते गुडघे दिसते त्याच्यात!

अन् एका सकाळी चिवड्यानं खाणं सोडलं. कोपऱ्यात गोळा होऊन बसला. लेंडी नाही, हालचाल नाही. थैलीत घातला अन् नेला जनावरायच्या दवाखान्यात. तिथं एक म्हैस, एक बोकड, अन् मधात मी मांडीवर थैली घेऊन. डॉक्टर मॅडम म्हणे, "अंकल, ये खाता क्या है?" म्हटलं, पोळी खाते. बिस्कूट खाते. मॅडमनं डोळे असे मोठे केले! "बिस्कुट?" आता तिले का सांगू... संध्याकाळी चहा घेतो तं समोर कोणी तं पाहिजे ना! एकट्यानं बिस्कूट बुडवा लागलं का कसंतरीच वाटते. मॅडमनं औषध पाजलं अन् म्हणे, "बिस्कुट बंद. इसको सूखी घास चाहिए, दिनभर. उसी से पेट चलता है, उसी से दाँत घिसते हैं. पैरा नहीं, घास!" पैरा म्हणजे आपलं तणसच. म्हटलं, अन् नाही भेटलं तं? तं तिनं चिवड्याच्या पाठीवरून हात फिरवला. डॉक्टरनं औषध सोडून हात फिरवला का माणसानं समजून जा लागते.

घरी येतानी हिशेब लावला. चिवडा गेला तं कापूस काही एकटी राहाची नाही. अन् ससेच नाही राह्यले तं फोन कायले येईन? माहे गुडघे पाहाले?

म्हणून मले गवत पाहिजे होतं हो, गवत! पोरीले सांगतलं तं ती म्हणे, "पप्पा, ऑनलाईन टिमोथी मागवा." मले वाटलं, टिमोथी म्हणजे चर्चचा कोणी फादर असन, त्याच्यापाशी भेटत असन! तं ते विलायती गवताचं नाव निघालं. तवापावतर चिवडा औषधावर अन् जराशा पाल्यावर कसातरी टिकला. आलं बाप्पा. उशीएवढं पाकीट, अन् किमतीत माह्या घरचा किराणा झाला असता! उघडलं तं वर चार काड्या, खाली सारा भुसा. मले शिंका, कापूसले शिंका, अन् चिवड्यानं तं पाठच फिरवली. पाकिटावरचा ससा तेवढा हासून राह्यलता!

मंग बसनं बाजूच्या गावाले, लालबर्ऱ्याले गेलतो. दुकानोदुकान फिरलो. एकानं काळं पडलेलं गवत दाखवलं, बुरशीचा असा वास... मी नाक दाबलं तं म्हणे, "तुमले खाचं हाये का?" एक म्हणे, बरसीमचा ओला चारा न्या. एक तं म्हणे, "काका, ससेच खाऊन टाका, झंझट खतम!" अशा माणसाले का म्हणाव? मी चहाच्या टपरीवर येऊन बसलो अन् कोणाले सांगतो, का सांगतो, काही न पाहता बोलूनच टाकलं, का मले गवत पाहिजे हो, गवत, दुसरं काही नाही!

तं बाजूच्या बाकावरून आवाज आला, "हाये ना."

पांढऱ्या मिशा, खांद्यावर दुपट्टा. प्रेमलाल नावाचा कास्तकार. घर तिथून जवळच, पायीपायी घेऊन गेला. वर माळ्यावर... अहाहा, तुमाले सांगतो! बांधावरचं बारीक गवत, सावलीत वाळवलेलं, पेंढ्या कशा एकसारख्या! हातात घेतलं तं कुरकुर वाजे अन् वास... पाऊस सरल्यावर शेतातून जातानी येते ना, तसा. म्हटलं, बैलायसाठी ठेवलं असन ना? तं म्हणे, "बैल विकले. ट्रॅक्टर करतो आता." म्हटलं, मंग गवत कायले कापता? त्यानं एक पेंढी सारखी केली. म्हणे, "गवत वाढते ना. हात गप राहत नाही."

भाव विचारला तं म्हणे, "चहा पाजा." आता बोला! तिकडं ते टिमोथी अन् इकडं हा प्रेमलाल! टपरीवर येऊन चहा पाजला. त्यानं बैलायचं सांगतलं, एकाएकाचा स्वभाव सांगतला. मी खांबायचं सांगतलं. बस सुटून गेली, दोघायले पत्ता नाही!

घरी येऊन गवत टाकलं. कापूस तुटून पडली. चिवडा बसूनच. मी बाजूले फतकल मारली. म्हटलं, खाय रे राजा, खाय लेका... तं लई वेळानं त्यानं नाक हालवलं. एक काडी ओढली. अन् मंग कुरुम कुरुम कुरुम... त्या घरात किती महिन्यानं कोणी जेवून राह्यल्याचा आवाज आला! माहे डोळे... जाऊ द्या. भुसा गेला असन.

संध्याकाळी फोन आला. पोरीनं टाळ्या वाजवल्या, लीलाबाईनं हात जोडले. "थँक यू पप्पा!" अन् फोन बंद. मी म्हणणारच होतो का प्रेमलालचं सांगतो...

मंग का? मी पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो. गवत घराले होतं. तरी गेलो. त्याच्या पुढच्याबी गेलो. चहा, बैल, खांब, अन् येतानी पेंढ्या. परवा प्रेमलालनं विचारलंच, "महागूभाऊ, दोन ससे एवढं गवत खाते?" म्हटलं, हौ... लई खाते हो. त्यानं मिशीवरून हात फिरवला अन् म्हणे, "खाऊ द्या. आजून कापून ठेवतो."

आता घरात हे गवतच गवत! पलंगावर पेंढ्या, दोन्ही खुर्च्यायवर पेंढ्या, दिवाणावर छतापावतर पेंढ्या. गोदाबाई दारातून डोकावली अन् म्हणे, "अवो, कोणी आलं तं बसाले जागा तं ठेवा!"

म्हटलं, ठेवतो ना बाई. पण येते कोण?