मागच्या खोलीतली तपासणी

तयार झालेला चष्मा न्यायला मी दुकानात बसलो होतो. मागच्या खोलीच्या दारावर ‘कोरड्या डोळ्यांची तपासणी’ अशी नवी पाटी होती आणि आतून बाप-लेकीचं बोलणं ऐकू येत होतं.

“बाबा, ही कागदाची पट्टी खालच्या पापणीत पाच मिनिटं ठेवायची. डोळ्यांत पाणी किती येतं ते कळतं.”

“चाळीस वर्षं मी याच खोलीत काचा घासल्या. असले लाड कुणी मागितले नाहीत.”

“मागायचे. तुम्ही डोळ्यांवर पाणी मारायला सांगून वाटेला लावायचात.”

“बरी व्हायची माणसं.”

“परत यायची नाहीत, एवढंच. पट्टी लावलीय, आता गप्प बसा.”

“माझं काचा घासायचं मशीन भंगारात घातलंस वाटतं.”

“त्या कोपऱ्यात बघा. कालच तेल घातलंय.”

“वायर पण बदललीस?”

“बदलली. चालवूनही बघितलं. तुमच्यासारखंच कुरकुरतंय अजून.”

आत खुर्ची कोपऱ्याकडे वळल्याचा आवाज आला.

“बाबा, पट्टी एका मिनिटात टोकापर्यंत भिजली.”

“म्हणजे माझे डोळे ठणठणीत आहेत.”

“म्हणजे तपासणी फुकट गेली. उद्या परत या, आणि मशीनकडे पाठ करून बसा.”